रॉटरडॅमचा शनिवार आणि नानांचा फोन

ऑनसाइट गेलेल्या पिंपळगाव बसवंतच्या एका पोराचा निवांत शनिवार. उशिरा उठणं, सायकल, बाजार, रोटी, नदी. आणि मधेच घरून आलेला एक प्रश्न.

शनिवार. सकाळचे साडेआठ. अलार्म नाही, स्टँडअप मीटिंग नाही, 'जस्ट अ क्विक कॉल' म्हणून पाऊण तास खाणारा मॅनेजर नाही. खिडकीबाहेर रॉटरडॅमचा तो सुप्रसिद्ध वारा शिट्टी वाजवतोय आणि मी रजईत आहे. परदेशात राहण्याचे फायदे-तोटे कुणी विचारले, तर फायद्यांच्या यादीत मी हा अर्धा तास सगळ्यात वर लिहीन.

आणि बरोब्बर याच अर्ध्या तासात फोन वाजतो.

नेदरलँड्स आणि भारतात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. म्हणजे पिंपळगावात दुपारचा एक वाजलेला असतो. नाना बागेतून घरी येऊन जेवलेले असतात, ओसरीवर बसून त्यांनी चष्मा लावलेला असतो, आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावून ते फोन कानाला धरतात. त्यामुळे मला दर शनिवारी उठल्या उठल्या वडिलांच्या कानाचं दर्शन घडतं.

"उठला का?"

"उठलो, नाना."

"दुकानात आपला माल आला का?"

तब्येत, नोकरी, हवापाणी हे विषय आईच्या खात्यात. नानांचा फेब्रुवारी ते एप्रिल एकच प्रश्न असतो. कारण ज्या शहरात मी आयटीतली नोकरी करतो, त्याच शहराच्या बंदरात नाशिकची द्राक्षं उतरतात. न्हावा शेवाला चढलेला रीफर कंटेनर रॉटरडॅमला उतरतो आणि तिथून माल अख्ख्या युरोपात पसरतो. लहानपणी बागेत पॅकिंगच्या वेळी मोठी माणसं 'रॉटरडॅम' असं म्हणायची, तेव्हा मला ते ओझरच्या पुढचं एखादं गाव वाटायचं. नशिबाचा फंडा बघा, तिथंच येऊन पडलो.

आज ज्या शनिवारबद्दल सांगणार आहे, तो २३ मार्च २०२४ चा. दुसऱ्या दिवशी होळी होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.

चुकीची कॉफी, बरोबर सायकल

डच माणसाचा वीकएंड प्लॅन्ड असतो. मित्राकडे सहज टपकायची पद्धत नाही. तीन आठवडे आधी डायरी काढून तारीख ठरते. पहिल्या वर्षी मला याचा जाम राग यायचा. आपल्याकडे पिंपळगावात कुणाच्याही दारात गाडी उभी केली की आधी चहा येतो आणि मग 'काय काम काढलं' हा प्रश्न. इथं आधी काम, मग वेळ, मग कॉफी, आणि कॉफीसोबत एक बिस्कीट. एकच. डबा पुन्हा बंद.

पण या शिस्तीचा एक साइड इफेक्ट असा की ज्या शनिवारी डायरीत काही नसतं, तो शनिवार शंभर टक्के तुमचा. कुणी येणार नाही, कुणी बोलावणार नाही. मी आणि बायको असे शनिवार मुद्दाम राखून ठेवतो. ती मूळची पुण्याची, त्यामुळे 'न सांगता कुणी येऊ नये' हा नियम तिला फार चटकन पटला, एवढं सांगून मी पुढे जातो.

दहाच्या सुमाराला आम्ही निघालो. कोपऱ्यावरच्या कॅफेत 'कॉफी फरकेर्ट' घेतली. शब्दशः अर्थ 'चुकीची कॉफी'. डच लोकांच्या मते कॉफीत दूध थेंबभर. इथं अर्धा कप दूध, म्हणून ती चुकीची. आपल्याला हीच बरोबर लागते. मग सायकली काढल्या. माझी सेकंडहँड सायकल बिनहातब्रेकची आहे. पेडल उलटं मारलं की थांबते. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं बोटं आवळत राहिलो आणि दोनदा झुडपात गेलो. आता हात खिशात घालून चालवतो. (हे आईला सांगितलेलं नाही.)

रॉटरडॅम बघायला येणारे बरेच जण वैतागतात, कारण ते डोक्यात अॅमस्टरडॅम घेऊन आलेले असतात. कालवे, तिरपी जुनी घरं, फुलांच्या टोपल्या. इथं ते जवळपास नाही. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग बाँब टाकून जाळला. उरलं ते साफ करून नवीन बांधलं. त्यामुळे हे शहर काचेचं, काँक्रीटचं, प्रयोग करणारं आहे. पीट ब्लोमची खांबांवर तिरकी उभी केलेली पिवळी क्यूब घरं, १९९६ चा हंसासारखा पांढरा इरास्मस पूल, आणि २०१४ मध्ये उघडलेला मार्कथाल. हा मार्कथाल म्हणजे घोड्याच्या नालासारखी प्रचंड इमारत. कमानीत लोक राहतात, कमानीखाली खाण्याची दुकानं, आणि आतल्या छतावर घराएवढाल्या फळं-भाज्यांचं चित्र. पहिल्यांदा बघाल तर मान दुखेल.

पण आमचा शनिवार मार्कथालच्या आत नसतो. आत सगळं महाग. आमचा शनिवार त्याच्या दारासमोरच्या उघड्या बाजारात असतो.

एक युरोला वाडगा

मंगळवार आणि शनिवार, बिनेनरोटे नावाच्या लांबलचक चौकात हा बाजार भरतो. शेकडो स्टॉल. चीज, कापड, सायकलची कुलपं, तळलेले मासे, मोरोक्कन ऑलिव्ह, सुरिनामी मिरच्या. आणि ओरडणारे भाजीवाले! वर्षभर कुजबुजणारा हा देश शनिवारी इथं गळा मोकळा करतो. मला एकदम लिलावातले आवाज आठवतात. पिंपळगावच्या मार्केट यार्डात टोमॅटोच्या हंगामात क्रेटच्या रांगांमधून माणसं ज्या सुरात बोली लावतात ना, साधारण तोच सूर. भाषा तेवढी बदला.

इथं आल्यावर आधी किबलिंग खायचं: माशाचे तळलेले गरम तुकडे आणि लसणाचा सॉस. ऑफिसातला एक डच मित्र त्या दिवशी तिथंच भेटला (योगायोगानं, डायरीत नव्हता, त्यामुळे दोघंही जरा ओशाळलो). त्यानं कच्चा हेरिंग शेपटीला धरून वर केला आणि चिरलेल्या कांद्यासकट तोंडात सोडला. मी कांद्याकडे बघत राहिलो. निफाड तालुक्यातला माणूस माशाआधी कांदाच बघणार. नेदरलँड्स हा जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक देश आहे. आणि त्या मार्चमध्ये आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. ती मे २०२४ मध्ये उठली. आमच्या विहिरीकडच्या एकरात तेव्हा उन्हाळ कांदा उभा होता आणि भाव बसलेला होता. मित्राला म्हटलं, तू खातोयस तो आमचा कॉम्पिटिटर आहे. त्याला जोक कळला नाही. बरोबरच आहे, तो जोक नव्हताच.

मग द्राक्षांचा स्टॉल.

सुपरमार्केटमध्ये त्या आठवड्यात अर्धा किलोचं पनेट २.४९ युरोला होतं. चकचकीत डबा, मागे बारीक अक्षरात 'हेरकोम्स्ट: इंडिया'. उगमस्थान: भारत. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे किलोला साधारण साडेचारशे रुपये. नानांना जागेवर मिळाले होते ८२. हे गणित मांडून चिडायला सोपं आहे, मीही सुरुवातीला चिडायचो. पण मधे मजूर, पॅकहाऊस, प्रीकूलिंग, कंटेनरचं भाडं, इथलं कोल्ड स्टोरेज, पुन्हा पॅकिंग, दुकानाचा नफा, खराब होणारा माल आणि नऊ टक्के टॅक्स बसलेला असतो. नाना या फरकावर कधी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, आपल्या हातात घड आहे, कपाट नाही.

या स्टॉलवर मात्र पनेट नव्हती. उघडी द्राक्षं प्लॅस्टिकच्या वाडग्यात रचलेली. 'एक युरो, एक युरो!' वाडग्यात पाऊण किलो तरी असावीत. मागे खोक्यांवर छापलेलं: इंडिया, थॉमसन सीडलेस.

मी वाकून बघितलं. मणी मोठे, सोनेरीकडे झुकलेले, चवीला गोड. एक वाडगा घेतला. बायकोनं फोटो काढला: मागे क्यूब घरं, पुढे मी, हातात नाशिकची द्राक्षं. फुल टू टुरिस्ट पोज. फोटो नानांना पाठवला. खाली लिहिलं, 'माल आला!'

पाऊण किलो एक युरो, म्हणजे किलोला १२० रुपये. नानांच्या ८२ च्या वर ३८. त्या ३८ रुपयांत सगळा समुद्रप्रवास बसणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. हे माझ्या डोक्यात आलं ते फोटो पाठवल्यानंतर.

देठ दाखव

तिकडे दुपारचे चार वाजले होते. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज आला.

"फोटो जवळून काढ. तुझं तोंड नको. देठ दाखव."

मी देठाचा फोटो काढला. घडाची मधली काडी आणि मणी लटकतात त्या बारीक काड्या. तपकिरी, सुकलेल्या. मी लहानपणापासून बागेत वाढलो. विरळणी केली, डिपिंगच्या पाण्यानं हात पिवळे करून घेतले, थंडीत घडांना पेपर गुंडाळले. आणि तरी वाडगा उचलताना देठ बघितला नव्हता. गोड लागली म्हणून खुश होतो.

पुढचा मेसेज: "वाळला. माल वाटेत जास्त दिवस राहिला. म्हणून वाडग्यात."

२०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. मुंबईहून रॉटरडॅमचा प्रवास त्यामुळे दीड-दोन आठवड्यांनी लांबला. द्राक्षाला एवढे दिवस म्हणजे खूप. खोक्यात सल्फरचा कागद घालतात, तापमान शून्याच्या आसपास ठेवतात, तरी देठ सुकतोच. आणि युरोपातला खरेदीदार मण्याआधी देठ बघतो. हिरवा देठ म्हणजे ताजं. तपकिरी देठ म्हणजे वाडगा.

हे सगळं नानांना ओसरीवर बसून, सहा इंची स्क्रीनवरून कळलं. मला हातात घेऊन कळलं नाही.

एक सांगायला हवं. नानांना या शहराची धास्ती आहे, आणि ती उगाच नाही. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली होती. वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागाईतदार ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्याचे, अंश तिथल्या मर्यादेच्या वर निघाले. कंटेनर पडून राहिले. आमचा माल ज्या निर्यातदाराला दिला होता, त्यानं हात वर केले. मी तेव्हा नाशिकला इंजिनिअरिंगला होतो. त्या वर्षीची फी आईच्या बांगड्यांतून भरली गेली, हे मला चार वर्षांनी कळलं. तेव्हापासून नाना फवारणीची वही पाठ केल्यासारखी ठेवतात. निर्यातीसाठी प्लॉटची नोंदणी असते, बागेतल्या मालाची अंश-तपासणी होते, खोक्यावरच्या नंबरवरून थेट शेतापर्यंत पोचता येतं. आमच्या प्लॉटचा नंबर नाना माझ्या वाढदिवसापेक्षा पटकन सांगतात.

रोटी आणि एक सरळ प्रश्न

जेवायला आम्ही वेस्ट क्रुइसकाडेला गेलो. तुम्ही कधी रॉटरडॅमला आलात आणि वरणभाताची आठवण अनावर झाली, तर सरळ या रस्त्यावर या. इथल्या सुरिनामी दुकानात 'रोटी' मागा. आत डाळ भरलेली मऊ रोटी, रस्सा, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं. हाताने खायचं, कुणी बघत नाही.

ही माणसं आपलीच, पण दीडशे वर्षांपूर्वी निघालेली. १८७३ मध्ये 'लाला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून करारावरचे मजूर घेऊन सुरिनामला गेलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं अशी गेली, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशची. सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळजण नेदरलँड्सला आले. त्यांची सरनामी बोली हिंदी येणाऱ्याला अर्धीमुर्धी कळते. दुकानात फगव्याची जाहिरात लावली होती. फगवा म्हणजे होळी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुमचे लोक कुठे? म्हटलं, गावाला. त्या म्हणाल्या, आमचं गाव कुठलं ते आजीलाही माहीत नव्हतं. आणि शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

टेबलावर बसल्यावर बायकोला नानांचा खरा विषय सांगितला. तो दोन आठवडे माझ्या पोटात होता. विहिरीकडचं एकर कांद्यातून काढून तिथं नवी बाग लावायची नानांच्या मनात होती. थॉमसन नाही, परदेशी पेटंटवाली रंगीत व्हरायटी. सह्याद्री फार्म्समुळे 'आरा' नावाची वाणं आमच्या भागात आली आहेत, त्यांच्याकडे बघून बऱ्याच बागाईतदारांची चुळबूळ चालली होती. पण नवी बाग म्हणजे चेष्टा नाही. खड्डे घ्या, मार्चच्या आत रूटस्टॉक लावा, पावसाळा सरता सरता कलम करा, मांडव, तारा, ठिबक. खर्च लाखांत आणि पहिला माल दोन वर्षांनी. त्यानंतर पुढची बारा-पंधरा वर्षं तिला रोज माणूस लागतो. नाना तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते.

"मार्च संपत आला," मी म्हणालो. "रोज विचारतायत, लावू का."

"व्हरायटीबद्दल विचारतायत का?" बायको म्हणाली. "तू परत येणार का, एवढंच विचारतायत ते."

मी रोटीकडे लक्ष दिलं.

पिवळी टॅक्सी, जुना धक्का

दुपारी नदी. हा कार्यक्रम कुठल्याही मूडमध्ये चालतो. मास नदीवर पिवळ्या-काळ्या वॉटर टॅक्सी असतात, छोट्या आणि सुसाट. लाटेवर आपटत जातात तेव्हा लहान मुलांसारखं ओरडायला येतं. उतरायचं विल्हेल्मिना धक्क्यावर. तिथल्या हॉटेल न्यूयॉर्कची इमारत ही पूर्वीच्या हॉलंड-अमेरिका लाइन कंपनीची कचेरी. इथूनच अक्षरशः लाखो युरोपियन माणसं बोचकी घेऊन अमेरिकेला गेली. पलीकडे काटेनड्रेख्टला जुनी गोदामं. त्यातल्याच एकात मे २०२५ मध्ये 'फेनिक्स' नावाचं स्थलांतराचं म्युझियम उघडलं. आत दोन हजार सुटकेसींचा भूलभुलैया आहे आणि छतातून वर जाणारा पिळाचा चकाकता जिना. वेळ काढून बघा. त्या शनिवारी मात्र तिथं नुसतं काम चाललेलं होतं आणि आम्ही बाहेरच्या कठड्यावर द्राक्षं खात बसलो.

साडेतीन वाजले, तिकडे आठ. नाना नऊला झोपतात. मी फोन लावला. पुन्हा कान दिसला.

"नाना, ते विहिरीकडच्या एकराचं..."

"हां, बोल."

"मी परत येईन की नाही, मला खरंच सांगता येत नाही. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी... माहीत नाही. तुम्ही माझ्या भरवशावर लावू नका."

पलीकडे थोडा वेळ फक्त आमच्या टीव्हीवरच्या मालिकेचं संगीत. मग आईनं आवाज कमी केला.

"तुझ्या भरवशावर कोण लावतंय?" नाना म्हणाले. "मी तुला इतके दिवस काय विचारतोय? तिथली माणसं पांढरी उचलतात का रंगीत? तू बाजारात असतो म्हणून विचारलं. आल्यापासून एकदा तरी नीट सांगितलं का?"

खरं होतं. मी पाच वर्षं त्या बाजारात किबलिंग खात होतो.

मग आठवून आठवून सांगितलं. सकाळपासून जे बघितलं ते. लोक दोन्ही उचलतात. बी नको असते. पोरांच्या आया डबा उलटा करून बघतात. महाग डब्यातले देठ हिरवे असतात, आणि ते बहुतेक रंगीत असतात. नाना मधेमधे 'हं' म्हणत होते. लिहून घेत असावेत, कारण एकदा 'थांब, पेन' असं ऐकू आलं.

"बरं," शेवटी म्हणाले. "अर्धं एकर लावतो. अर्धं मोकळं ठेवतो."

"अर्धं का?"

"ते तुझं तू ठरव. घाई नाही, कांदा लावत राहू. आणि आता झोपतो. उद्या होळी आहे, पोळी खा तिथं मिळाली तर."

फोन बंद. बायकोनं काही विचारलं नाही. वाडग्यात तळाशी राहिलेली द्राक्षं आम्ही वाटून घेतली आणि परतीच्या बोटीला उभे राहिलो.

सोमवारी खड्ड्यांसाठी जेसीबी आला, त्याचा व्हिडिओ मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये मिळाला. उरलेल्या अर्ध्या एकरात अजून कांदाच असतो.

आता मार्च-एप्रिलमधला शनिवार आम्हाला पूर्वीइतका निवांत जात नाही. साडेआठच्या फोनमध्ये कामं मिळतात: कुठल्या देशाचा माल आहे, काय भाव, देठाचा रंग. एक युरोवाला स्टॉलचा माणूस मला ओळखतो. मी घड उलटा धरून उजेडात बघायला लागलो की तो दोन्ही हात वर करून काहीतरी डचमध्ये ओरडतो. बायको म्हणते, त्याचा अर्थ 'घ्या नाहीतर पुढे व्हा'. मी फोटो काढतो आणि पुढे होतो.